वेशीबाहेरचं बोलणं

करवंज्याच्या विश्रामच्या घरातलं जेवढं त्याच्या गाईला ठाऊक होतं, तेवढं गावच्या तलाठ्यालाही नव्हतं. घरातलं सगळं बोलणं तिच्यामार्फतच चाले. आनंदी सकाळी दूध काढायला गेली की गाईच्या कानाशी म्हणे, "कपिले, घरातले तांदूळ संपले गो. आज गिरणीतसून हाडूक व्हये." गोठ्याच्या दाराशी दात घासत उभा असलेला विश्राम चूळ भरायचा आणि वर वाशांकडे बघत म्हणायचा, "हाडतलंय." मग आनंदी गाईला म्हणे, "पायरीवरची फळी मोडली हा, कोणाचो तरी पाय मोडतलो." आणि विश्राम वाशांना सांगे, "खिळे आसत. दुपारी मारतंय." कपिला बिचारी रवंथ करत दोघांचं ऐकून घ्यायची.

ही दोघं नवरा-बायको होती आणि आठ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. आधी हा टपाल नेण्या-आणण्याचा धंदा त्यांची मुलगी शेवंती करायची. "बापाशीक सांग, जेवान वाढलंय." "आवशीक सांग, भूक नाय." दोन वर्षांमागे शेवंती मसुऱ्याला दिली गेली. तिच्या लग्नात कन्यादानाला दोघं शेजारी शेजारी पाटावर बसली, तिच्या हातावर दोघांनी मिळून पाणी सोडलं, बोहल्याखाली उभं राहून दोघंही रडली, पण एकमेकांना 'डोळे पूस' म्हणाली नाहीत. मुलगी सासरी गेली आणि तिची नोकरी कपिलेकडे आली.

आपल्याकडे अबोला ही काही अपूर्वाईची गोष्ट नाही. गडग्याच्या दगडावरून भावाभावांत तीन पिढ्या अबोला चालतो आणि नातवंडांना कारणसुद्धा माहीत नसतं. पण एका चुलीवरचं जेवून आठ वर्षं न बोलणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. गावाला वाटे, काहीतरी मोठं घडलं असणार. मारहाण झाली असेल, नाहीतर विश्रामचं बाहेर कुठे असेल. तसलं काहीच नव्हतं. विश्राम दारूच्या वाटेला जाणारा नव्हता, बायकोवर हात टाकणारा नव्हता. घडलं होतं ते एवढंच, की जेव्हा बोलायला हवं होतं तेव्हा विश्राम बोलला नव्हता.

आठ वर्षांमागे गावात बालवाडी निघाली. बाई हवी होती. करवंज्यात तेव्हा मॅट्रिक झालेली सून एकच, ती आनंदी. सरपंच हरिश्चंद्र स्वतः विचारायला घरी आले. विश्रामची आई, माई, ओटीवर आडाळ्यावर नारळ खवत बसली होती. सरपंचांचं बोलणं पुरतं व्हायच्या आत ती म्हणाली, "आमच्या घरातली सून लोकांच्या पोरांची नाकां पुसूक जावची नाय." सरपंच मुरलेला माणूस. माईशी न बोलता ते विश्रामकडे वळले आणि म्हणाले, "विश्राम, तुझी बायल आसा. तू सांग." दाराच्या आड आनंदी उभी होती. तिच्या बांगड्या वाजल्या, त्या विश्रामने ऐकल्या. आणि हा इसम आपल्या पायाच्या अंगठ्याच्या नखाकडे बघत बसला. सरपंचांनी चहा संपवला, पान जमवलं, पान खाल्लं, आणि तरी हा नखाकडेच बघत होता. शेवटी ते उठून गेले. बालवाडी तुळसाला मिळाली, जिला स्वतःची सही करायला पाटीभर जागा लागे.

त्या संध्याकाळी भात वाढताना आनंदीने त्याला विचारलं, "तुमका काय वाटता तां तरी सांगा. नको तर नको म्हणा. पण कायतरी सांगा." विश्रामने ताट पुढे केलं आणि आणखी एक डाव भात घेतला. तो तिचा शेवटचा प्रश्न. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

सज्जन माणसाइतकं नुकसान दुर्जन करत नाही, असं मला पुष्कळदा वाटतं. दुर्जनाशी निदान भांडता तरी येतं. विश्रामशी भांडायचं म्हणजे पाण्यावर काठी मारायची. लहानपणापासून माई बोलायची आणि तो ऐकायचा, आणि पंचेचाळिसावं लागलं तरी त्यात काही फरक पडला नव्हता. धंदासुद्धा त्याला असा लाभला की बोलायची गरज पडू नये. भात भरडायची गिरण. इंजिन सुरू झालं की पत्र्याची शेड थरथरायची, आणि शेजारी उभ्या माणसाचं तोंड हलताना दिसायचं पण शब्द ऐकू यायचा नाही. लोक बोटांनी पायल्या दाखवत, हा मान हलवी.

पण एक गोष्ट गावात कोणालाच ठाऊक नव्हती. त्या आवाजात विश्राम बोलत असे. पट्ट्यावर नजर ठेवून, कोंड्याने भरलेल्या मिशीतून तो रोज मोठमोठ्याने म्हणायचा, "आनंदी, माझां चुकलां. त्या दिवशी मी बोलूक होया होतंय." कधी त्याच्यापुढे आणखी काही जोडायचा, माईला दोन शब्द सुनवायचा, सरपंचांना 'जातली ती' म्हणून ठणकावून सांगायचा. इंजिन बंद केलं की त्याचं तोंडही बंद व्हायचं. घरी येऊन तो वाशांशी बोले.

त्या वर्षी देवदिवाळीनंतर रवळनाथाने गावपळणीचा कौल दिला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दर तीन-चार वर्षांनी करवंज्याचा अख्खा गाव घरं सोडून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळं. तीन रात्री गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, गाव देवाच्या ताब्यात. चौथ्या दिवशी गुरव आणि मानकरी तेवढे आत जाऊन देवाला पाकळ्या लावून विचारतात. उजवी पाकळी पडली की परत फिरायचं, डावी पडली तर आणखी एक दिवस बाहेर. गुडघे धरलेले म्हातारेसुद्धा खुर्चीवर बसवून बाहेर नेतात, नाहीतर दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे पोचवतात.

मागच्या खेपांना माई बाहेरही बरोबर असे आणि खोपीच्या दाराशी बसून घरच्यासारखाच कारभार करी. या वेळी तिचे गुडघे अगदीच गेले होते. तिला कसालला, तिच्या लेकीकडे, हौसाबाईकडे पोचवायचं ठरलं. एस.टी.त बसताना तिने विश्रामला वीस सूचना दिल्या आणि आनंदीला एकही दिली नाही. गाडी सुटली. विश्रामच्या छातीतून जो श्वास बाहेर पडला त्याची त्यालाच लाज वाटली.

ओहोळाच्या पलीकडे दुसऱ्या गावाचा माळ होता, तिथे खोपी उठल्या. चार मेढी पुरायच्या, वर बांबू आडवे टाकायचे आणि माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारायचं. गुरं सगळ्यांनी मिळून खाली काजींच्या सावलीत बांधली होती, चांगली हाकेच्या पलीकडे. विश्राम मेढीवर बांबू बांधत होता आणि आनंदी खालून झाप देत होती. सुंभाची गाठ सुटली आणि एका बाजूचं छप्पर तिच्या डोक्यावर यायला लागलं. तिने इकडे तिकडे पाहिलं. कपिला नव्हती, शेवंती नव्हती, माई नव्हती. झाप दोन्ही हातांनी पेलत ती म्हणाली, "वायच वर धरा."

विश्रामने बांबू धरला. इतक्या घाईने, की छप्पर आणखीच हललं. "धरलंय," तो म्हणाला.

"घट धरा. मी गाठ मारतंय."

गाठ मारून झाली तरी तो बांबू धरूनच उभा होता. आनंदीने वर पाहिलं आणि म्हणाली, "सोडा आता. रवता तां." एवढंच झालं. आठ वर्षांचा अबोला सुंभाच्या एका गाठीपायी सुटला, आणि दोघांपैकी कोणीही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

वेशीबाहेर माणसं बदलतात, हे करवंज्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कोर्टात दावा चाललेले चुलतभाऊ एका घोंगडीवर पत्ते कुटत होते. घरात तांब्याभर पाणी हाताने न घेणारे बाप्ये ओहोळात कुर्ल्या पकडून स्वतः कालवण करत होते आणि मीठ जास्त पडलं म्हणून स्वतःलाच शिव्या घालत होते. कोणाच्या खोपीत कोण जेवला याचा हिशेब नव्हता. चार भिंती नसल्या की माणसाला भिंतीआड करायच्या गोष्टी करता येत नाहीत, हे त्यातलं खरं इंगित.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांचा कालवा उठला. आयांना सुचेना त्यांचं काय करावं. आनंदीने त्यांना काजीच्या झाडाखाली बसवलं. काजीच्या बिया जमवून त्यांचे ढीग मांडले, ओहोळाची वाळू पसरून तिच्यावर बोटाने अक्षरं काढली, आणि पोरांकडून कावळ्यापासून गाढवापर्यंत सगळ्यांचे आवाज काढून घेतले. तासाभराने पोरं अशी शांत बसली होती की बायका काम टाकून बघायला आल्या. विश्राम लांबून बघत होता. बायकोला पुष्कळ येतं हे त्याला ठाऊक होतं. ते तिला इतकी वर्षं करता आलं नव्हतं ते कोणामुळे, हेही ठाऊक होतं. बघता बघता त्याला इतकं वाईट वाटलं की तो तोंड धुवायला ओहोळावर गेला.

दुपारी जेवणं उरकल्यावर सरपंच हरिश्चंद्र तिथे येऊन बसले. आता त्यांचे केस पिकले होते, पण सरपंचकी तीच होती. ते म्हणाले, "आनंदीवयनी, तुळसा संक्रांतीनंतर घोवाबरोबर मुंबैक जाता. बालवाडी रिकामी पडतली. मी आठ वर्षांमागे इचारलंय तांच परत इचारतंय." आणि मग मान वळवून म्हणाले, "काय रे विश्राम, आता तरी काय सांगतंस?"

सगळा माळ विश्रामकडे बघायला लागला. चपळ जिभेचा बाबली, जो विश्रामचा शेजारी आणि गावाचा विदूषक, तो पत्ते खाली ठेवून म्हणाला, "सरपंचानू, तेच्या पायाचां नख बगा. जबाब थंय लिवलेलो आसता." लोक हसले. विश्रामने खरोखरच खाली पाहिलं. मग त्याने मान वर केली आणि गिरणीत बोलायचा त्याच आवाजात, इंजिनावरून पोचवायच्या आवाजात म्हणाला, "जातली ती. माका पसंत आसा. तेव्हाच जावक होयी होती."

खालची गुरंसुद्धा दचकली असतील. बाबली म्हणाला, "कोणीतरी ढोल हाडा रे. विश्राम बोललो." पण त्याची थट्टा कोणी उचलली नाही. बायका आनंदीकडे बघत होत्या, आणि आनंदी काजीच्या बिया एकेक करून ओटीत भरत होती, पोरांनी मांडलेले सगळे ढीग मोडून.

संध्याकाळी तिने कुर्ल्यांचं सांबारं केलं. विश्रामला वाढून ती समोरच बसली, जे तिने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही केलं नव्हतं. विश्राम जेवत गेला आणि बोलत गेला. गिरणीत काय बोलतो ते त्याने तिला सांगितलं. रोज इंजिन लावून 'माझां चुकलां' म्हणतो, हे ऐकून ती पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"आट वर्सां इंजिनाक सांगलास," ती म्हणाली. "माका सांगूक काय झालां होतां?"

"तू बोलय नाय होतंस."

"मी कित्या बोलय नाय होतंय, तां ठावक आसा?" आनंदीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "रागान नाय. राग चार दिवसांत जाता. मी वाट बगी होतंय. म्हटलां, मी गप रवलंय तर ह्या माणसाक कदीतरी असह्य जायत आणि तो तोंड उघडीत. मी बोललंय तर परत सगळां आसा तसांच चलात. म्हणान गप रवलंय. ज्या माणसाकडसून कायच नको, तेच्याबरोबर कोण कित्या अबोलो धरीत?"

विश्रामने हातातला घास परत ताटात ठेवला. आठ वर्षं तो त्या गप्प राहण्याला शिक्षा समजत होता. "माझां चुकलां," तो म्हणाला, पहिल्यांदाच इंजिनाशिवाय.

"वेशीभायर चुकलां म्हणूक सोप्यां आसा," आनंदी म्हणाली. "हंय माई नाय. माझी एकच गोष्ट आसा. सरपंच घराक येतीत, माई सामनी बसतली, आणि ती तुमका इचारीत. तेव्हा ह्यांच बोलशात?"

"बोलान."

"ह्याच तोंडान?"

"बोलान म्हटलंय मा," विश्राम म्हणाला, आणि आपण बोलणार याबद्दल त्याला स्वतःला तिळभर शंका नव्हती. ते खोटं नव्हतं. त्या माळावर त्या संध्याकाळी ते शंभर नंबरी खरं होतं, आणि आनंदीने ते खरं मानलं हा तिचा मूर्खपणा म्हणता येणार नाही.

पुढचा दिवस दोघांनी लग्न ठरलेल्या पोरांसारखा घालवला. मिळून ओहोळावर भांडी घासली, मिळून कपिलेला पाणी दाखवायला गेली. कपिलेसमोर दोघं एकमेकांशी बोलली तेव्हा त्या मुक्या जनावराने कान टवकारून पाहिलं, असं विश्राम पुढे कितीतरी दिवस मनाशी आठवत असे. चौथ्या दिवशी मानकरी कौल घ्यायला गावात गेले. इतर सगळे घरच्या ओढीने सामान बांधत होते. एकटा विश्राम मनात म्हणत होता, देवा रवळनाथा, डावी पाड, आणखी चार दिवस बाहेर ठेव. रवळनाथाने उजवी पाडली. ढोल वाजला, गाव परत फिरला. वेशीच्या दगडाशी कोंबड्यांची डालगी डोक्यावर घेऊन चालणारी आनंदी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बोललास तां ध्यानात आसा मा?"

"आसा," विश्राम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो कसालला जाऊन माईला घेऊन आला. बातमी त्याच्या आधी कसालला पोचली होती, ती कशी ते विचारू नका. आपल्याकडे बातमीला एस.टी. लागत नाही. माई वाटेत एक अक्षर बोलली नाही. घरी आल्यावर ती ओटीवर आपल्या जागेवर बसली, भिंतीला पाठ टेकली आणि गुडघ्यांना तेल लावायला लागली. विश्राम तिच्यासमोरून चार वेळा गेला. दर वेळी त्याला वाटलं की आत्ताच सांगून टाकावं, आणि दर वेळी त्याला गोठ्यात काहीतरी काम आठवलं. आनंदी हे स्वयंपाकघरातून बघत होती. तिला अजून आशा होती.

दोन दिवसांनी दिवेलागणीआधी सरपंच आले. तीच ओटी, तोच आडाळा, चहाचे कपसुद्धा तेच. आनंदी दाराच्या आड उभी राहिली. सरपंचांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "माई, तुमच्या विश्रामान गावासामनी शब्द दिलो हा. आनंदीवयनी बालवाडीत येतीत. तुमच्या कानार घालूक इलंय."

माई चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "गुडघे गेले माझे. दारापर्यंत जावक होयना. सून पगाराक गेली तर माझ्या हातात पाणी कोण देतलो?" मग तिने मुलाकडे पाहिलं. "झिला, मी तुका जल्म दिलंय. तू सांग. तू हो म्हटलंस?"

फक्त 'हो' म्हणायचं होतं. खरं तर जुनंच, एकदा म्हणून झालेलं. सगळा गाव साक्षीला होता. विश्रामने तोंड उघडलं. माळावरचं वाक्य त्याच्या घशापर्यंत आलंही होतं. पण समोर माईचे डोळे होते, खाली शेणाने सारवलेली लहानपणापासूनची जमीन होती, आणि इंजिन कुठे नव्हतं. त्याची नजर घसरत घसरत खाली गेली आणि अंगठ्याच्या नखावर जाऊन स्थिरावली. तिथूनच तो म्हणाला, "बगूया."

बांगड्या वाजल्या. आठ वर्षांमागे वाजल्या होत्या तशाच. पण या वेळी त्या आत गेल्या नाहीत, बाहेर आल्या. आनंदी पदराला हात पुसत ओटीवर येऊन उभी राहिली. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. रागाने नाही हं. बाजूच्या खांबाकडेही तिने पाहिलं नव्हतं, तसंच.

"सरपंचानू," ती म्हणाली, "संक्रांत झाली की मी येतंय. तुळसाकडसून चावी घेवन ठेवा." आणि मग माईला म्हणाली, "माई, तुमची पेज, पाणी सगळां करून जायन. तांब्यो उशाक भरून ठेयन. दुपारी परत येतलंय."

"आणि मी नको म्हटलंय तर?" माई म्हणाली.

"तर तुमी नको म्हटलास," आनंदी म्हणाली. "मी जातलंय."

सरपंच कप खाली ठेवून उठले. जाताना त्यांनी विश्रामच्या खांद्यावर हात ठेवला. त्यात दया होती, आणि ती विश्रामला कळली.

रात्रभर तो पडून विचार करत होता. आता परत अबोला. परत कपिला. बरं, मी सोसेन. मीच चुकलो, आठ वर्षं सोसलं, आणखी आठ सोसेन, आणि पुढच्या गावपळणीत परत... सकाळी तो दात घासत गोठ्याच्या दाराशी आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला आणि वाट बघू लागला. आनंदी धार काढून उठली, चरवी घेऊन त्याच्या अगदी समोर आली, आणि त्याच्या तोंडाकडे बघून सरळ म्हणाली, "चुलीर रातचां दूध ठेवलंय, उतू जाता तां बगत रवा. मी वायच परसात जावन येतंय."

तो तसाच उभा राहिला. दूध उतू गेलं.

तेव्हापासून ती त्याच्याशी बोलते. सकाळी बोलते, संध्याकाळी बोलते. "मीठ संपलां." "शेवंतीचो निरोप इलो, ती पंचमीक येता." "तुमचो सदरो फाटलो हा, काडून ठेवा, शिवतंय." आवाजात राग नाही, टोमणा नाही. भात घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाशी विश्राम जसा बोलतो, तितकंच आणि तसंच. संक्रांतीनंतर ती बालवाडीत जायला लागली आणि त्यानंतर एकही दिवस चुकली नाही. गावात तिचं नाव झालं. ज्या माईच्या धाकाने विश्रामची जीभ आठ वर्षं टाळूला चिकटली होती, ती माई महिन्याभरात निवळली. बालवाडी सुटली की चार पोरं आनंदीच्या मागोमाग घरापर्यंत यायची, तर माई ओटीवर बसून त्यांना गूळ द्यायची आणि त्यांची नाकंही पुसायची. म्हणजे भिण्यासारखं तिथे काही नव्हतंच. हे जेव्हा विश्रामच्या ध्यानात आलं, तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही. "बरां नाय काय?" आनंदीने विचारलं, आणि त्याला आलं घालून काढा करून दिला.

गावाला तर फारच आनंद झाला. बाबली गिरणीत येऊन इंजिनावरून ओरडून म्हणाला, "काय विश्रामा, देवान तुझां घर बसवल्यान मा. आता कशी पोपटासारखी बोलतास दोगां." विश्रामने मान हलवली. बाबली भात घेऊन गेल्यावर तो पट्ट्याकडे बघत उभा राहिला. सवयीने त्याचे ओठ हलले, 'आनंदी, माझां' इथपर्यंत आले आणि थांबले. कारण पूर्वी हे बोलताना ऐकणारं कोणीतरी घरी गप्प बसून वाट बघत होतं. माळावर तिने ते त्याला समजावून सांगितलं होतं, त्याला समजावं म्हणून तिने एकही शब्द राखून ठेवला नव्हता. त्यामुळे आता न समजण्याची सोयही उरली नव्हती.

शिमगा सरल्यावर एका संध्याकाळी तो गिरण बंद करून घरी आला. आत आनंदी पोरांसाठी रंगीत कागदाची फुलं कापत बसली होती आणि माई तिला खळ कालवून देत होती. दोघी कशाला तरी हसल्या. विश्राम ओटीवर चढला, दाराशी आला, तोंड उघडलं, आणि मिटलं. मग तो मागच्या मागे फिरून गोठ्यात गेला. कपिला उभी होती. त्याने तिच्या मानेवर हात ठेवला, कानाशी तोंड नेलं आणि हळू म्हणाला, "कपिले, तिका सांग गो. माझां चुकलां म्हणान सांग."

आतून आनंदीचा आवाज आला, रोजच्यासारखाच मोकळा.

"कोणाबरोबर बोलतास थंय? हातपाय धुवन येवा. जेवान वाढतंय."